कोपऱ्यातलं नाव

जेवायच्या टेबलावर माझं पुस्तक पसरलेलं असतं, त्यामुळे हल्ली मी ओट्याशी उभी राहूनच जेवते. एकटीला टेबल लागतं तरी कशाला. पुस्तक कागदाचं नाही, कापडाचं आहे. जुन्या परकरांची पानं, मध्ये धुऊन धुऊन मऊ झालेल्या चादरीचा थर आणि कडेनं धावदोरा. वरच्या मजल्यावरची सायली दर शनिवारी सोसायटीच्या ऑफिसात आम्हा बायकांना हे शिकवते. विषय तिनंच ठरवला, 'घरातली हस्तकला आणि स्त्रीवाद'. तो ऐकून एकीनं विचारलं, "म्हणजे नवऱ्याच्या विरोधात शिवायचं का?" सगळ्या हसल्या. मला नवरा नाही, पण मीही हसले.

सायली तिशीतली आहे, गोड आहे आणि तिला प्रत्येक चिंधी 'पॉवरफुल' वाटते. तिनं सांगितलं, घरातल्या बायकांच्या हातचं जे काही असेल ते घेऊन या, त्यातूनच पानं करू. पुढच्या शनिवारी बाकीच्या पिशव्या भरभरून आल्या. आईचे क्रोशाचे रुमाल, सासूबाईंनी केलेली मण्यांची तोरणं, तांब्यावर घालायच्या जाळ्या, उशांचे अभ्रे, एकीकडे तर वायरचा पोपटसुद्धा. मी एक मसोतं नेलं. गरम भांडी उतरवायचं, हळदीचे डाग पडलेलं, एका कोपऱ्यात जळलेलं मसोतं. आत्या गेली त्या दिवशीही ते ओट्यावर होतं आणि ते बदलायचं माझ्या जिवावर आलं होतं.

"तुमच्या आत्या भरतकाम करायच्या म्हणालात ना, काकू?" सायलीनं विचारलं.

"करायची. पनवेलात तिच्यासारखं कुणी करत नव्हतं."

"मग त्यातलं काही?"

माझ्याकडे काही नाही, हे मला तिथे त्या बायकांसमोर बसल्यावर कळलं. इतकी वर्षं तिच्याबरोबर एका घरात राहिले आणि तिच्या हातचा एक टाका माझ्याकडे नाही. कारण साधं आहे. आत्या रुखवताचं काम करायची, आणि माझं लग्न झालं नाही. का झालं नाही ते इथे सांगत बसत नाही. ज्या मुली लग्न होऊन गेल्या त्यांच्या घरी आत्या आहे. जी तिच्याजवळ राहिली तिच्याकडे मसोतं आहे.

ही आमची इमारत उभी आहे तिथेच आमचं घर होतं. वडाळे तळ्याच्या अंगाला, कौलांच्या तीन खोल्या आणि मागे परस. पनवेल तेव्हा भातगिरण्यांचं गाव होतं. दुपारी गिरण्यांचा एकसुरी आवाज यायचा आणि वारा फिरला की कोंड्याचा गोडसर, कोरडा वास घरभर व्हायचा. आत्या खिडकीशी चटईवर बसलेली असायची. मांडीवर कापड, कापडावर लाकडी रिंग, तोंडात दोऱ्याचं टोक. रिंगेत कापड ताणून बसलं की ती त्यावर टिचकी मारून बघायची. टम्म असा आवाज आला पाहिजे. नाही आला तर सगळं सोडून पुन्हा. मी शाळेतून आले की पायरीवरूनच तो आवाज ऐकायची आणि आत्या घरात आहे हे कळायचं. ती कुठे जाणार होती म्हणा, पण तेव्हा तो आवाज ऐकून बरं वाटायचं, आणि तो आता नाही हे मला अजून अधूनमधून दाराशी चावी फिरवताना जाणवतं.

आत्या डावखुरी होती. जेवताना डावा हात पुढे आला म्हणून लहानपणी तिला चटके बसले होते, मनगटावर खूण होती. देवाला, पाहुण्यांना, वाढायला, सगळीकडे उजवा हात. फक्त सुई ती डाव्या हातानं धरायची. शिवणाऱ्या बाईच्या हाताकडे कोण बघतंय, असं ती म्हणायची. त्यामुळे तिच्या क्रॉस स्टिचचा वरचा टाका बाकीच्यांपेक्षा उलटा पडायचा. सगळ्या बायकांचा जिकडे झुकतो, त्याच्या विरुद्ध. लांबून काही कळत नाही, पण ज्याला माहीत आहे त्याला उजेडात धरलं की लगेच दिसतं. तिच्या फुलांवर रेशमाची चमकही दुसऱ्या बाजूनं येते.

वर्षाचे ऋतू आमच्या घरी कापडावरून कळायचे. पावसाळ्यात मोठं भरतकाम बंद. हवा दमट, लाल रंग फुटायचा आणि भरतकामाच्या पांढऱ्या मॅटीच्या कापडावर गुलाबी ओघळ यायचे. तेव्हा क्रोशा आणि लोकर. दिवाळी उलटली की रेशमाच्या लड्या बाहेर निघायच्या, त्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास असायचा. आणि शिमगा झाला की लग्नसराई. मग आमच्या पडवीत चपलांचा ढीग पडायचा. कुणाची आई, कुणाची काकू, कुणाची वहिनी. "अक्का, मुलीला शाळेच्या अभ्यासातून वेळ मिळाला नाही हो," असं जी ती खोटं बोलायची, आणि आत्या प्रत्येकीला "चालायचंच" म्हणायची. घरात तिला सगळे अक्का म्हणत, बाबा आणि काकाही, कारण ती त्यांच्यात थोरली. गावही तेच म्हणायचं.

शेवटचं काम नावाचं असे. टेबलक्लॉथ असो की उशीचा अभ्रा, खाली उजव्या कोपऱ्यात चार बोटं जागा कोरी ठेवायची. लग्नात मुलीचं नाव बदलायचं ना. नवरदेव ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिणार, ते आधी ठरलेलं असायचं, पण सासरकडून निरोप येईपर्यंत आम्हाला काय ठाऊक. मग लग्नाच्या तोंडावर कुणीतरी धावत येऊन सांगायचं, "नाव ठरलं, सुमन," आणि आत्या त्या कोऱ्या जागेत सौ. सुमन भरायची. मुलीनं स्वतःच्या हातानं केलेल्या म्हणून मांडायच्या वस्तूवर जे नाव असायचं, त्या नावानं तिला तोवर एकदाही कुणी हाक मारलेली नसायची. तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नाही. आता सायलीला सांगितलं तर ती अर्थातच पॉवरफुल म्हणाली.

करंज्याहून हिराबाई यायची, टोपलीत सुके बोंबील, सोडे, जवळा. उरणच्या एसटीनं सकाळीच उतरायची आणि उन्हं चढली की आमच्या पडवीत टेकायची. ती आली की आत्या आधी कापड गुंडाळून पेटीत टाकायची, कारण बोंबलाचा वास रेशमाला लागला की धुऊनही जात नाही. हिराबाईला तो अपमान वाटायचा नाही, उलट मजा वाटायची.

"अक्का, मी आले का तुमी पोरीवानी लपवता," ती म्हणायची. "एवरी टोचाटोची कराची नि सगलं दुसऱ्याच्या घरी. तुमचं सोताचं कवा करनार?"

"माझं झालंय करून," आत्या सांगायची आणि जवळ्याचा भाव पाडायला लागायची.

तिचं खरंच करून झालं होतं. तिच्या लग्नासाठी तिनं स्वतः केलेलं रुखवत एका हिरव्या पत्र्याच्या पेटीत होतं. ते लग्न झालं नाही. का ते आमच्या घरात कुणी बोलत नसे, आणि मी विचारलं नाही. पेटी वर्षातून एकदा उघडायची, चैत्रात, ऊन दाखवायला. परसात दोरीवर अभ्रे, रुमाल, आरशावर टाकायचा पडदा, आणि मधोमध तो टेबलक्लॉथ. फिक्या पिवळ्या मॅटीवर चारी बाजूंनी कमळांची वेल. पानं तीन हिरव्यांत, देठाला जरा तपकिरी छटा, तळ्यात असते तशी. वडाळे तळ्यात तेव्हा कमळं होती. खालच्या उजव्या कोपऱ्यात चार बोटं कोरी जागा. मी त्या जागेवर बोट फिरवलं की आत्या म्हणायची, "हात पुसलेस का?"

त्या पेटीतल्या वस्तू एकेक करून गेल्या. कुणाच्या मुलीचं ऐनवेळी ठरलं, करायला वेळ नाही, की आत्या पेटी उघडायची. अभ्रे गेले, पडदा गेला. दर वेळी कोपऱ्यात एक नवं नाव. शेवटी टेबलक्लॉथ राहिला, आणि तो शैलाताईला गेला.

शैलाताई माझी चुलत बहीण, काकांची मुलगी. दिसायला देखणी आणि हातात सुई धरली की रडायला लागणारी. तिला आपटा गावातलं घर मिळालं, पाताळगंगेच्या काठावरचं, सासू कडक म्हणून गाजलेली. आत्यानं कमळांचा टेबलक्लॉथ काढला. सासरहून निरोप आला, नाव वसुधा. मी दहा वर्षांची असेन, आत्याच्या शेजारी बसून लाल रेशीम तिला तोडून देत होते. तिनं सौ. वसुधा भरलं, कापड उलटं करून मागची गाठ लपवली, आणि टिचकी मारून पाहिली. मग म्हणाली, "झालं एकदाचं. केव्हाची जागा रिकामी होती." तिला त्यावेळी काय वाटलं ते मला माहीत नाही. मला इतकंच आठवतं की त्या दिवशी तिनं दुपारचा चहा दोनदा घेतला.

लग्नात रुखवताचं टेबल मांडलं होतं. साखरेचा बंगला, सुपारीचे नवरा-नवरी, डाळींनी भरलेली सप्तपदी, आणि या सगळ्याखाली तो टेबलक्लॉथ. आत्या टेबलाच्या मागे उभी. कुंकू लावायला, ओटी भरायला तिला कुणी बोलवत नसे, म्हणून ती प्रत्येक लग्नात रुखवतापाशी उभी राहायची. शैलाताईच्या सासूबाई आल्या. त्यांनी टेबलक्लॉथचा कोपरा उचलला आणि उलटा करून पाहिला. जाणकार बाई मागची बाजूच बघते. त्यांनी मान वर करून विचारलं, "कुणी केलंय हे?"

"तिनंच हो," आत्या म्हणाली. "फार हौशी आहे आमची पोर. दिवसदिवस बसायची."

"हात सोन्याचा आहे."

"आहे खरा," असं आत्या म्हणाली आणि तिचा चेहरा असा खुलला की मी टक लावून बघत राहिले. आयुष्यभर तिनं स्वतःची स्तुती अशीच ऐकली, दुसऱ्याच्या नावावर, टेबलाच्या मागे उभं राहून. आता मला त्या 'हौशी' शब्दाची चीड येते. पुरुषानं केलं की कला आणि बाईनं केलं की हौस. सायलीला पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत 'स्त्रीवाद' हवं होतं. मी माझ्या पहिल्या पानावर 'हौस' भरलं, आणि खाली ते मसोतं लावलं.

पुढची पानं झाली. एकावर आत्याच्या परकराची नाडी, एकावर तिच्या चष्म्याची पिशवी, जी बाजारातली होती. एकावर मी स्वतः कमळ करायचा प्रयत्न केला आणि ते कोबीसारखं झालं. सायली म्हणाली छान आहे. मला ते पुस्तक खोटं वाटत होतं. ज्या बाईबद्दल आहे तिच्या हातचं त्यात काही नाही, तिचं नाव लावायला जागा नाही. मला एक तुकडा हवा होता, तिनं केलेला, आणि त्यावर तिचं नाव. एवढंच. मी गेल्यावर ते पुस्तक कोण बघणार आहे हा प्रश्न मला रोज पडायचा, तरी हवं होतं.

म्हणून मी रोडपालीला गेले. शैलाताई आता तिथे मुलाकडे असते, नवव्या मजल्यावर. आमचं जाणं-येणं सणासुदीपुरतं. दार तिच्या सुनेनं उघडलं, प्रज्ञानं. चांगली मुलगी आहे, बँकेत आहे, माझ्याशी नेहमी नीट बोलते. आत गेले आणि समोरच्या भिंतीवर कमळं. टेबलक्लॉथ मोठ्या काचेच्या फ्रेममध्ये, वर पिवळा दिवा.

"मागच्याच महिन्यात केली, मावशी," प्रज्ञा म्हणाली. "आईंनी लग्नाआधी केलेलं. घडी घालून कपाटात होतं, विचार करा. आमच्याकडे जो येतो तो आधी हेच बघतो. मी मुलीला सांगते, आजीकडून शीक काहीतरी."

शैलाताई सोफ्यावर बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

मी पुस्तकाचं सांगितलं. थोड्या दिवसांसाठी देशील का, म्हटलं, किंवा एखादा कोपरा तरी.

"अय्या, मग आईंचं नाव येईल ना पुस्तकात?" प्रज्ञानं विचारलं.

मी शैलाताईकडे पाहिलं. दिव्याच्या उजेडात प्रत्येक पाकळीचा टाका उलटा पडलेला मला बसल्या जागेवरून दिसत होता. एक शब्द बोलले असते तर झालं असतं.

"मीच केलाय तो," शैलाताई फ्रेमकडे बघत म्हणाली. "आता एवढं फ्रेम केलंय, काढायचं कशाला?"

प्रज्ञानं चहा आणला, बरोबर बाकरवडी. मी चहा प्यायले. नातीच्या परीक्षेविषयी बोललो, कळंबोलीच्या ट्रॅफिकविषयी बोललो. लिफ्टमधून खाली येताना मला इतका राग आला होता की मी चुकीच्या मजल्यावर बाहेर पडले. राग शैलाताईचा नव्हता, निदान फक्त तिचा नव्हता. मला वाटलं, आता आत्या डावखुरी होती हे जगात एकट्या मलाच माहीत आहे, आणि माझ्याबरोबर तेही जाईल.

त्या शनिवारी मी सायलीला सांगितलं की शेवटचं पान होत नाही.

"मग ते रिकामंच ठेवा, काकू. रिकामं पानसुद्धा बोलतं."

"मला रिकामं नको," मी म्हटलं. "रिकामं घरी भरपूर आहे."

जरा तुटकच बोलले. तिचा चेहरा पडला, मग मीच तिला घरी नेऊन थालीपीठ खाऊ घातलं. ती गेल्यावर टेबलावरची पानं गोळा करून कपाटात टाकली आणि पुन्हा टेबलावर जेवायला बसले. समोरची खुर्ची आत्याची. तिथे मी इस्त्रीचे कपडे ठेवते, म्हणजे ती रिकामी दिसत नाही. दुपारी खिडकीतून तळं दिसतं. आता काठाला फरशी आहे, दिवे आहेत, संध्याकाळी माणसं फिरतात. गिरण्या कधीच्या गेल्या. कोंड्याचा वास कसा होता ते मला शब्दांत सांगता येतं, पण नाकाला आठवत नाही.

आणि मग मधल्याच एका दिवशी, भर दुपारी, बेल वाजली. दारात शैलाताई. एकटी, घामानं भिजलेली, हातात मोठी पिशवी. गुडघे दुखतात म्हणून जी देवळातही जात नाही ती रोडपालीहून रिक्षा करून आली होती.

"आधी पाणी दे," ती म्हणाली. "आणि पंखा वाढव."

पाणी पिऊन तिनं पिशवीतून टॉवेल काढला, टॉवेलात टेबलक्लॉथ.

"काचेच्या आतून ओल धरल्ये म्हणून सांगितलंय प्रज्ञाला. पनवेलात एक बाई आहे, नीट करून देते म्हटलं." ती जरा हसली. "तशी खोटं बोलायची मला सवय आहे."

तिनं कापड टेबलावर पसरलं आणि तळहातानं घडीच्या रेषा मोडत राहिली.

"तुला वाटत असेल, शैला किती निर्लज्ज आहे."

"वाटलं होतं."

"वाटणारच." मग तिनं मला जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. तिच्या नणंदेचं लग्न ठरलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, वसुधा, तुझ्या कमळांसारखाच एक आमच्या लेकीला कर. शैलाताईला तर सुईत दोरा ओवता येत नव्हता. ती पहिल्या बाळंतपणाला पनवेलला आली होती तेव्हाची गोष्ट. दिवसभर आत्यासमोर बसून शिकायची. समोर बसलं की आत्याचा डावा तो हिचा उजवा, सोपं जायचं. पण टाका सरळ पडायचा, सगळ्यांचा पडतो तसा.

"आत्या म्हणाली, असं नाही चालायचं. तुझी सासू मागची बाजू बघते. दोन हात दोन तऱ्हेचे दिसले तर पहिला कुणाचा ते विचारेल. मग मला शेजारी बसवलं आणि उलटा टाका शिकवला. उजव्या हातानं, तिच्या बाजूनं. रडले मी. पोट एवढं पुढे, कापड ठेवायला मांडी नाही. ती म्हणायची, रड, पण कापडावर नको."

त्या दिवसांत मी घरातच असणार. मला आठवतं ते एवढंच की शैलाताई आली होती, लाडू झाले होते, आणि दोघी खिडकीशी बसलेल्या असायच्या. मला वाटायचं, गप्पा मारतायत.

"नणंदेचा पुरा केला मी. सासूबाई जाईपर्यंत सांगायच्या, वसुधेचा हात सोन्याचा. दर वेळी मला वाटायचं आत्या दाराआड उभी राहून ऐकतेय. नंतर नंतर मला वाटेनासंच झालं. मीच केलाय असं वाटायला लागलं. तू आलीस तेव्हा खोटं नाही बोलले गं मी. मला खरंच तसं वाटलं. रात्री आठवलं."

आम्ही दोघी कापडाकडे बघत बसलो. उन्हात पिवळं फार फिकं दिसत होतं, एका ठिकाणी चहाचा डाग होता, कमळं मात्र तशीच होती. मला एकदम रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. शैलाताईनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मला वाटतं आत्या गेल्यापासून मला कुणी हात लावला नव्हता, डॉक्टर सोडून.

"कापू नकोस हं," ती म्हणाली. "भिंतीवर परत जायला हवा. प्रज्ञाला मी सांगेन. सांगेन म्हणजे, बघते कसं सांगायचं ते."

"नाही कापत. पुस्तकात याचा फोटो कापडावर छापून घेईन. सायलीला येतं ते."

"फोटो कशाला? तुझ्या पानाला मी एक कमळ भरून देते. येतं मला अजून. तिचाच टाका आहे तो." मग कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "आणि याच्यावर तिचं नाव घालायचं. माझं राहू दे, खाली. तसं ते माझं तरी कुठे आहे म्हणा. शैला म्हणणारी आता तू एकटी उरलीस."

मी लाल रेशीम काढलं. मूळ लाल अधिक गडद होतं, पण जवळ जाणारं मिळालं. सुईत दोरा तिला ओवता येईना, डोळ्यांचं ऑपरेशन राहिलंय तिचं, म्हणून मी ओवून दिला. तिनं कापड रिंगेत ताणलं, चष्मा कपाळावरून खाली घेतला, सौ. वसुधाच्या वरच्या जागेत घरं मोजली आणि सुई टोचायच्या आधी थांबली.

"काय झालं?"

"अगं," ती खालच्या आवाजात म्हणाली, "आत्याचं नाव काय होतं? सगळे अक्काच म्हणायचे. मला आठवतच नाही, की मला माहीतच नव्हतं कोण जाणे."

मला माहीत होतं. रेशनकार्डावर वाचलं होतं, हॉस्पिटलच्या कागदांवर माझ्या हातानं लिहिलं होतं. पण वडीलधाऱ्यांचं नाव कुणी घेत नाही, आणि मला कळलं की त्या घरात जन्मापासून राहून मी ते एकदाही तोंडानं उच्चारलं नव्हतं. जीभ अडखळली.

"कमल," मी म्हटलं.

"काय?" शैलाताईला हल्ली कमी ऐकू येतं. "मोठ्यानं बोल जरा."

"कमल," मी मोठ्यानं म्हटलं. इतक्या मोठ्यानं की खाली जिन्यात कुणीतरी बोलायचं थांबलं.

शैलाताईनं कापडाच्या कडेनं पसरलेल्या त्या वेलीकडे पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मीही पाहिलं. मग तिनं पुन्हा घरं मोजली, ओठ हलवत.

"बरं आहे," ती म्हणाली. "काना नाही, मात्रा नाही. लगेच होईल."